दाढ काढताना भुलीची सुई कुठे टोचतात? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

"डॉक्टर, सुई दाढेतच मारणार का?" सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत आम्हा दंतवैद्यांना हा प्रश्न रोज ऐकू येतो. जत, कवठेमहांकाळ, तासगावकडून सकाळची एसटी धरून आलेली माणसं दाढेच्या ठणक्यापेक्षा या सुईला जास्त भ्यालेली असतात. काहीजण तर आधी द्राक्षाची छाटणी, मग ऊस, मग घरातलं लग्न असं एकेक पुढे करत वर्षभर गोळ्यांवर काढतात आणि गाल सुजल्यावरच येतात. सुई कुठे जाणार, किती टोचणार, नंतर काय वाटणार हे आधी कळलं तर ही भीती बरीच ओसरते. दुसरं म्हणजे भूल नीट बसली की नाही हे डॉक्टरला तुम्ही सांगितल्याशिवाय पक्कं कळत नाही. म्हणून काय विचारलं जाईल आणि काय सांगायचं, हे खुर्चीत बसण्यापूर्वीच माहीत असावं.

सुई दाढेजवळच का नसते

दाताची नस मुळाच्या टोकातून आत शिरते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना ट्रायजेमिनल नावाची मोठी नस आहे, तिला तीन फाटे फुटतात. दुसरा फाटा वरच्या जबड्याला जातो, तिसरा खालच्या. भुलीचं औषध या नसेच्या भोवती सोडलं की दुखण्याची खबर तिथून पुढे मेंदूकडे जात नाही. नस कुठे अडवायची हे दात कोणता आहे आणि त्याच्याभोवतीचं हाड कसं आहे यावर ठरतं.

वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. मुळाच्या टोकाजवळ हिरडीत औषध सोडलं तरी ते हाडातून झिरपून नसेपर्यंत पोचतं. खालच्या दाढांच्या बाहेरचं हाड जाड आणि घट्ट असतं, तिथे औषध झिरपत नाही. त्यामुळे नस हाडात शिरण्याआधीच तिला गाठावं लागतं. पाटाचं दार वर बंद केलं की खालची सगळी रानं कोरडी राहतात, तसं इथे होतं: एका सुईनं त्या बाजूचे खालचे सगळे दात, अर्धा ओठ आणि अर्धी हनुवटी बधिर होते. एकच दाढ काढायची असताना अर्धं तोंड का बधिर केलं, अशी तक्रार बरेचजण करतात. त्याचं कारण हेच.

औषध बहुतेक ठिकाणी २ टक्के लिग्नोकेन असतं. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केलं आणि १९४८ पासून ते बाजारात आहे. त्यात थोडं अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, आपल्याकडे बहुधा १:८०,००० या प्रमाणात. त्यानं आसपासच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर जास्त वेळ टिकतं आणि रक्त कमी जातं.

घरून निघताना

पोटभर खाऊन या. हे ठळक सांगावं लागतं, कारण ऑपरेशन म्हटलं की उपाशी राहायचं अशी समजूत पक्की आहे. पूर्ण भूल देऊन झोपवायचं असेल तेव्हा ते खरं. जागेवरच्या भुलीसाठी उलट. दवाखान्यात चक्कर येऊन पडणाऱ्यांत उपाशी आणि भ्यालेली माणसं जास्त असतात. एकादशी, चतुर्थी, गुरुवारचा उपवास असेल तर दुसरा दिवस ठरवा.

बीपीची गोळी नेहमीच्या वेळेला घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवू नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करून येऊ नका. हृदयाच्या माणसाला त्या अचानक बंद करणं दाढेच्या रक्तस्रावापेक्षा घातक ठरू शकतं. काय करायचं ते दंतवैद्य आणि तुमचे नेहमीचे डॉक्टर मिळून ठरवतात. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर रिकामी पाकिटं पिशवीत टाकून आणा.

मिश्री, तंबाखू, मावा त्या दिवशी सकाळपासून बंद.

सुईच्या आधी सांगायच्या गोष्टी

हृदयविकार, बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, यकृताचा त्रास, फिट्स, आधी कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आली असेल तर ती, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शनं चालू असतील तर ती. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तरीही सांगा. सासूबाई शेजारी बसल्या आहेत म्हणून नव्या सुनेनं हे दडवल्याचं होतं. तसं वाटलं तर डॉक्टरांना किंवा सिस्टरना बाजूला बोलवा. गरोदरपणात मधले तीन महिने दातांच्या कामाला त्यातल्या त्यात सोयीचे धरतात.

पूर्वी भूल देताना छातीत धडधडलं असेल किंवा डोळ्यापुढे अंधारी आली असेल तर तेही बोला. बहुतेक वेळा ती अ‍ॅलर्जी नसते. धडधड अ‍ॅड्रेनलिनची असते, अंधारी भीतीची. तरी ते माहीत असेल तर डॉक्टर खुर्ची आडवी करून, औषध आणखी सावकाश सोडतात.

कोणता दात काढायचा आहे, यावर आरशात बोट ठेवून एकदा दोघांनी खात्री करा. कागदावर ४६ लिहिलं असेल तर घाबरू नका: ४ म्हणजे खालची उजवी बाजू आणि ६ म्हणजे मधल्या रेषेपासून मोजलेला सहावा दात, पहिली मोठी दाढ. वर उजवीकडे १, वर डावीकडे २, खाली डावीकडे ३.

वरचा दात असेल तर

डॉक्टर ओठ किंवा गाल बोटानं बाहेर ओढतात. हिरडी आणि गाल जिथे एकमेकांना मिळतात तिथे मऊ, सैल कातडीची एक खोबण दिसते. पहिली सुई तिथे, काढायच्या दाताच्या बरोबर वर. ती मुळाच्या टोकाच्या उंचीपर्यंत काही मिलिमीटर आत जाते आणि एक-दीड मिलिलिटर औषध सावकाश सोडलं जातं. आधी जागा पुसून भुलीचा जेल किंवा स्प्रे लावला आणि मिनिटभर थांबलं तर टोचलेलं जेमतेम कळतं. पुढच्या दातांना ओठाजवळ जरा झणझणतं, डोळ्यांत पाणी येतं. मागच्या दाढांना त्यापेक्षा कमी.

मागच्या वरच्या दाढांसाठी कधी सुई दुसऱ्या मोठ्या दाढेच्या वरच्या खोबणीतून वर, आत आणि मागे अशी तिरकी नेतात. तिथे बारीक शिरांचं जाळं असतं. एखादी शीर टोचली गेली तर गाल काही मिनिटांत फुगतो आणि दुसऱ्या दिवशी निळसर दिसतो. दिसायला भयंकर, पण काही दिवसांत ते आपोआप जिरतं.

बाहेरच्या सुईनं दात आणि गालाकडची हिरडी बधिर होते. टाळूकडच्या हिरडीची नस वेगळी आहे आणि दात काढताना चिमटा दोन्ही बाजूंनी धरावा लागतो. म्हणून दुसरी सुई टाळूत. मागच्या दाढांसाठी ती दुसऱ्या दाढेच्या आसपास, हिरडीच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत टोचतात. पुढच्या दातांसाठी पटाशीच्या दोन दातांमागे जिभेला लागणारा जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या बाजूला. काही डॉक्टर फक्त त्या एका दाताजवळच टाळूत थोडं औषध देतात.

टाळूची सुई दुखते. ती दुखत नाही असं सांगणं मला पटत नाही, कारण तसं ऐकून बसलेला माणूस दचकतो आणि मग कशावरच विश्वास ठेवत नाही. टाळूचं कातडं हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, औषधाला पसरायला जागाच नसते. पण औषध लागतं अगदी थोडं, पाव ते अर्धा मिलिलिटर. डॉक्टर आरशाच्या दांड्यानं ती जागा आधी दाबून धरतात, दाबामुळे टोचणं कमी जाणवतं. तेवढा वेळ नाकानं लांब श्वास घ्या आणि पायाची बोटं हलवत राहा. जागा पांढरी पडली की झालं.

खालची दाढ असेल तर

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तोंड पूर्ण उघडून आरशात पाहा. खालच्या शेवटच्या दाढेच्या मागे, गाल आणि घसा यांच्यामध्ये एक उभी वळी ताणलेली दिसेल. डॉक्टर गालाच्या आत अंगठा किंवा बोट घालून जबड्याच्या उभ्या हाडाची पुढची कडा चाचपतात. सुई शिरते ती ही कडा आणि ती वळी यांच्या मधे, खालच्या दाढांच्या चावायच्या पृष्ठभागापासून सहा ते दहा मिलिमीटर वर. सिरिंज मात्र समोरच्या बाजूच्या उपदाढांवर (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधल्या लहान दाढांवर) टेकलेली असते. उजवी दाढ काढायची आणि सिरिंज डावीकडून येते, हे पाहून "डॉक्टर, बाजू चुकली" असं म्हणणारे खूप भेटतात. बाजू बरोबर असते. तिरकं आल्याशिवाय त्या जागी पोचताच येत नाही.

सुई दोन ते अडीच सेंटिमीटर आत जाते, हाडाला हलकीच टेकते, मग किंचित मागे घेतात. त्यानंतर डॉक्टर दट्ट्या जरासा मागे ओढून सिरिंजमध्ये रक्त येतंय का पाहतात. सुई रक्तवाहिनीत नाही याची ती खात्री असते. मग दीड मिलिलिटरच्या आसपास औषध साधारण मिनिटभर घेऊन सोडतात. सुई बाहेर काढता काढता वाटेत थोडं औषध जिभेच्या नसेसाठी. हे करताना कधी जिभेला किंवा ओठाला करंट बसल्यासारखा झटका येतो. डोकं हलवू नका, हात वर करा. डॉक्टर सुई जरा मागे घेतील.

शेवटी एक छोटी सुई शेवटच्या दाढेच्या मागे गालाच्या बाजूला, कारण दाढेच्या गालाकडच्या हिरडीची नस तिसरीच आहे. ती फारशी टोचत नाही. अक्कलदाढेलाही हाच क्रम.

खालच्या उपदाढा आणि पुढचे दात यांचं गणित थोडं निराळं आहे. उपदाढांच्या मुळांजवळ हाडाला एक छिद्र असतं, तिथून नस ओठाकडे बाहेर येते. त्या छिद्राजवळ दिलेली सुई उपदाढा, सुळा आणि पटाशीचे दात यांना पुरते, पण जिभेकडच्या हिरडीसाठी वेगळं टोचावं लागतं. अगदी पुढच्या दातांचं हाड पातळ असल्यानं तिथे वरच्यासारखी जागेवरची सुईही लागू पडते. मधल्या रेषेजवळ दुसऱ्या बाजूच्या नसेचे धागे थोडे अलीकडे आलेले असतात, त्यामुळे कधी दोन्हीकडे औषध द्यावं लागतं.

लहान मुलांचं हाड विरळ असतं. त्यांच्या खालच्या दुधाच्या दाढांनाही बऱ्याचदा जागेवरची सुई चालते. औषधाचं माप वजनावरून ठरतं, म्हणून लेकराचं वजन विचारलं तर अंदाजे न सांगता काट्यावर करून घ्या.

थांबा, आणि खरं सांगा

सुई झाल्यावर तीन ते पाच मिनिटं, खालच्या दाढेला कधी दहाही, थांबावं लागतं. या वेळात काय होतंय याकडे लक्ष द्या. वरच्या पुढच्या दाताला ओठ आणि नाकपुडीची बाजू जड होते. वरच्या मागच्या दाढांना मात्र ओठात फारसं काही जाणवत नाही, तिथे भूल बसलीच नाही असं समजू नका. खालच्या दाढेला अर्धा खालचा ओठ बरोबर मधल्या रेषेपर्यंत सुजल्यासारखा वाटतो आणि त्या बाजूची जीभ जड पडते. फक्त जीभ जड आणि ओठ नेहमीसारखा, असं असेल तर दाढेची मुख्य नस अजून सापडलेली नाही. ते लगेच सांगा.

मग डॉक्टर टोकदार सळईनं दाढेभोवतीची हिरडी टोचून पाहतात, बाहेरून आणि आतून. इथे आपल्याकडची माणसं सोसतात. "होऊ दे डॉक्टर, काढा" म्हणतात. बायका विशेषतः. असं करू नका. टोचल्याचं टोक कळत असेल तर कळतंय म्हणा. साठ किलोच्या माणसाला अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेन किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे ४२० मिलिग्रॅम चालतं. ज्या पुस्तकांत ४.४ मिलिग्रॅमची कडक मर्यादा आहे तिच्या हिशेबानंही २६४. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं आणि एका दाढेला साधारण दोन-तीन मिलिलिटर पुरतात. धडधाकट माणसाला आणखी थोडी भूल द्यायला भरपूर वाव असतो. हृदयरुग्ण, अगदी हडकुळी माणसं आणि मुलं यांच्याबाबत डॉक्टर हात राखून माप घेतात.

मात्र दाब आणि दुखणं यांतला फरक ओळखा. ढकलल्यासारखं, ओढल्यासारखं वाटणं, कर्रकन आवाज येणं हे भूल पूर्ण बसल्यावरही राहतं, कारण दाब कळवणारे धागे जाड असतात आणि औषध त्यांना तितकं गप्प करत नाही. टोचणारी, सणकन जाणारी कळ वेगळी. ती आली की डावा हात वर करायचा, हे आधीच ठरवून घ्या. डॉक्टर उजवीकडे उभे असतात, त्यांचा हात धरू नका.

कराडला कृष्णा किंवा सांगलीला भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात गेलात तर विद्यार्थी किंवा इंटर्न वरिष्ठांच्या देखरेखीखाली भूल देतात. भूल बसली नाही असं वाटलं तर "मॅडमना बोलवता का" असं विचारायला कचरू नका. तिथे ते रोजचंच असतं आणि शिकणाऱ्यालाही त्यातूनच कळतं.

भूल बसत नसेल तर

खालच्या दाढेची ही भूल पहिल्या सुईत न बसण्याचं प्रमाण शिकवतानाच १५ ते २० टक्के सांगितलं जातं. नसेची वाट माणसागणिक थोडी इकडेतिकडे असते. अशा वेळी जरा वरून पुन्हा सुई देतात, किंवा बारीक सुईनं दाढ आणि हाड यांच्यातल्या फटीत प्रत्येक मुळाला थेंबभर औषध दाबून घालतात.

दुसरं कारण पू. सुजलेल्या, पिकलेल्या जागी ऊती आम्लधर्मी होतात आणि लिग्नोकेनचा नसेत शिरणारा भाग कमी पडतो. म्हणून गळूत सुई मारत नाहीत, लांबून नस अडवतात, किंवा आधी पू काढून, गरजेप्रमाणे औषधं देऊन मग दाढ काढतात. "आजच काढून टाका" असा हट्ट धरलात आणि डॉक्टर थांबा म्हणाले, तर त्यामागे बहुधा हे असतं.

तिसरी अडचण आपल्या भागात फार वाढली आहे. मावा, सुपारी, गुटखा यांनी गाल आतून पांढरे, ताठ पडतात आणि तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. मग ती उभी वळीच दिसत नाही आणि नेहमीची सुई देता येत नाही. अशांसाठी दात मिटलेले ठेवून, वरच्या दाढांच्या हिरडीच्या पातळीवरून गालाच्या आतून मागे सुई नेण्याची पद्धत आहे. अकिनोसी यांनी ती १९७७ मध्ये मांडली. तोंड कमी उघडत असेल तर ते फोनवरच सांगा. आणि दाढ राहू द्या बाजूला, त्या गालांची तपासणी आधी करून घ्या, कारण हा आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो.

क्वचित सुई जास्त मागे गेली तर त्या बाजूची पापणी मिटत नाही, तोंड वाकडं दिसतं. लकवा नव्हे, काही तासांत भूल उतरली की जातं. तोवर डोळ्यावर स्वच्छ कापसाची पट्टी ठेवतात. घसा जड होऊन गिळता येत नाहीसं वाटतं, तेही भुलीचंच. श्वास चालू असतो, उठून बसलात की बरं वाटतं. अंगावर गांधी उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या किंवा दम लागला तर मात्र क्षणही न घालवता सांगा.

दाढ निघाल्यावर

दाताची भूल तासाभरात ओसरते, ओठ-जिभेची तीन ते पाच तास राहते. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा, लाळ गिळा, थुंकू नका. पहिले २४ तास चूळ भरणं, नळीनं पिणं, तंबाखू, मिश्री सगळं बंद, नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाढेपेक्षा जास्त ठणका लागतो. हळद भरू नका. सांगलीची असली तरी.

ओठ जड असेपर्यंत गरम चहा नको, कळत नाही आणि तोंड पोळतं. गार ताक-भात, मऊ खिचडी, थंड दूध चालेल. भडंग, चिवडा, शेंगदाणे आठवडाभर नकोत, त्यांचे कण खड्ड्यात बसतात. मुलं बधिर ओठ गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी ओठ फुटून सुजतो; भूल उतरेपर्यंत एकानं त्यांच्याजवळ बसावं. दुखण्याची पहिली गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल तर भूल पूर्ण उतरण्याआधीच घ्या.

मागे सुई दिल्यानंतर दोन-तीन दिवस तोंड कमी उघडलं तर कोमट पाण्याचा शेक आणि हळूहळू तोंड उघडण्याचा व्यायाम दुसऱ्या दिवसापासून करा. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशी सकाळीही बधिर असेल, रक्त थांबत नसेल, ताप आला किंवा सूज गळ्याकडे उतरली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात परत या.